परीक्षेची पँट

नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी टेलरमास्तर गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायला खाली वाकले आणि त्यांच्या स्वतःच्या पँटचं बटण सुटलं. गोफणीतून दगड सुटावा तसं सुटलं, आरशावर टणकन आपटलं आणि उलट येऊन गिऱ्हाइकाच्या चहाच्या कपात पडलं.

गिऱ्हाईक बँकेतलं होतं. त्याने कपात डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, सगळ्यांची मापं तुम्ही घेता. तुमचं कोण घेतं?"

दाराशी उभं राहून दुकानातलं वर्तमानपत्र फुकट वाचणारे शेठ इतके हसले, की त्यांना कापड बेतायच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला. शेठ म्हणजे समोरच्या बेकरीचे मालक. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी दुकानात शिरायचं, पण कुसळ नेहमी दुसऱ्याच्याच डोळ्यात दिसतं.

"हसा!" एका हाताने पँट सावरत मास्तर गरजले. "काचेतला तो कोट बघताय ना?"

काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर करड्या रंगाचा एक देखणा कोट होता. मास्तरांनी स्वतःच्या लग्नासाठी शिवलेला, आणि लग्नानंतर वर्षभरात अंगाला होईनासा झाल्यावर जाहिरातीच्या कामाला लावलेला.

"दीड महिन्यावर पोरीचं लग्न आलंय. हाच कोट घालून उभा राहतो की नाही बघा. बटण लावून!"

"आणि नाही लागलं तर?"

"तर एक अख्खा दिवस तुमच्या बेकरीच्या काचेत उभा राहीन. दोन्ही हातांत पाव घेऊन!"

"वा! आणि लागलं, तर वर्षभर रोज सकाळी मी तुमच्याबरोबर फिरायला येईन. शब्द!" शेठ म्हणाले. भट्टी ते गल्ला याहून लांबचा प्रवास शेठनी कित्येक वर्षांत केलेला नव्हता. तेव्हा पैज तोलामोलाची होती. बँकवाल्याने साक्षीदार म्हणून मान हलवली आणि चमच्याने बटण बाहेर काढलं.

दुकानामागेच घर. तिथे ही बातमी पोचताच मुलगी टाळ्या पिटत उठली. "बाबा, खरंच तो कोट? लहानपणी मी विचारायचे, हा कोट कुणाचा, तर तुम्ही म्हणायचात, माझा. मला कधी खरंच वाटलं नाही!"

"आता वाटेल!" मास्तर म्हणाले. ते हसत म्हणाले, पण त्या वाक्याने त्यांच्या काळजाला बारीक टाचणी लागली होती. आता पैज राहिली बाजूला. पोरीला तो कोटातला माणूस दाखवायचाच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"वजनकाटा आणायचा का हो?" बायकोने विचारलं.

"काटा कशाला? काटा सांगतो माणूस किती जड. माणूस कशात मावतो ते कापडच सांगतं." असं म्हणून मास्तरांनी एक जुनी, जेमतेम वर चढणारी पण बटण न लागणारी पँट खुंटीला टांगली. "ही परीक्षेची पँट. दर रविवारी सकाळी हिच्यात शिरायचं. ही सांगेल ते खरं."

आणि मग काय विचारता! उकडलेल्या भाज्या आल्या, काकड्या आल्या, ज्यातून ताटलीचा तळ दिसावा असलं सूप आलं. भल्या पहाटे मास्तर गळ्यातली टेप न काढताच पळत सुटू लागले आणि रस्त्यावरची कुत्री त्यांना सोबत करू लागली. पहिला रविवार उजाडला. पँटचं बटण तसूभरही पुढे सरकलं नाही. मास्तर असे खचले, की सोमवारी त्यांनी एका शर्टाची बाही उलटी जोडली.

बायकोला ते बघवेना. शनिवारी दुपारी मास्तर दोरे-बटणं आणायला बाजारात गेले, तशी तिने खुंटीवरची पँट उतरवली. शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, ज्याला या धंद्यात माया म्हणतात, त्यातलं थोडं मोकळं केलं, नवा टाका घातला आणि पँट होती तशी टांगून ठेवली. पुण्यकर्म झालं.

पण त्याच आठवड्यात मास्तरांच्या हातून पाप घडलं होतं. "एकाने काय होतंय?" असं म्हणत शेठनी त्यांना भट्टीमागे नेऊन क्रीम बन खिलवला होता. एकाने काही होत नाही हे पाहण्यासाठी मास्तरांनी दुसरा खाल्ला, तिसराही खाल्ला. रविवारी ते आरोपीसारखे पँटमध्ये शिरले. आणि बटण लागलं! वर बोटभर जागा उरली!

"अगं, झाली! पँट झाली!" मास्तर घरभर नाचले.

हे नाचणं त्यांच्या आईला मुळीच रुचलं नाही. मास्तरांना शिवणकाम शिकवलं ते या माउलीनेच. 'घोड्याने पळावं, शिंप्याने बसावं' हे तिचं तत्त्व. पळून पळून पोट वाढतंय असं दिसलं, की पोरगा आपोआप हे खूळ सोडेल, असा तिने हिशेब मांडला. बुधवारी सूनबाई भाजीला गेली, तशी म्हातारीने चष्मा चढवला आणि पँट चांगली दोन बोटं आवळून ठेवली.

मास्तरांनी त्या आठवड्यात सुपाशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. रविवारी पँट मांडीवरून वर सरकेना.

दुसऱ्याने घातलेला टाका दहा पावलांवरून ओळखणारा हा माणूस. पण त्याने पँटकडे पाहिलंच नाही. तो फक्त पोटाकडे पाहत होता. कपाळाला आठ्या घालून त्याने विचार केला आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"सापडलं! बन खाल्ला, उतरलो. सूप प्यायलो, चढलो. दोष सुपाचा आहे!"

"अहो, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही, पँट सांगतेय!"

पुढच्या आठवड्यात सूप बंद, बन चालू. शनिवारी बायकोने पँट पुन्हा सैल केली. 'अशी कशी आवळली गेली?' म्हणून तिला नवल वाटलं, पण घाईत तिने तो दोष धुलाईवर टाकला. रविवारी पँट कमरेवरून घसरली आणि मास्तरांच्या विज्ञानावर शिक्कामोर्तब झालं. माप घेता घेता ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, "पोट उतरवायचंय? सकाळी एक बन, संध्याकाळी दोन." बँकवाला ऑफिससाठी खोकाभर बन घेऊन गेला. शेठनी दारावर पाटी लावली, 'मास्तरांचा हलका बन', आणि विकता विकता स्वतःही सडपातळ होण्याच्या मागे लागले.

लग्न आठवड्यावर आलं. शनिवारी दुपारी बायको मशीनपाशी आली, तर सासूबाई मांडीवर पँट घेऊन शिवण उसवत बसलेल्या.

"आई! तुम्ही?"

"मी काही नाही गं, धूळ झटकत होते."

"कात्रीने?"

म्हातारी एकदम उसळून म्हणाली, "आणि तू गं? मी आवळली की सैल कशी होते दर वेळी? भुताटकी आहे का घरात?"

दोघींचा हिशेब जुळला, तसं हसू आवरेना. पण हसता हसता बायकोचा चेहरा उतरला. "आई, म्हणजे ते बारीक झालेच नाहीत! उलट महिनाभर बन खाताहेत!"

"अरे देवा! आणि कोट?"

"पोरीला केवढी हौस आहे त्या कोटाची!"

पँट मूळच्या मापावर आणून दोघींनी खुंटीला टांगली. रविवारी मास्तर तिच्यात गुडघ्यापर्यंतच गेले. पँट खुंटीला टांगून ते दुकानात जाऊन बसले. काचेपलीकडे शेठ बेकरीची काच पुसत होते. पुसताना मधली जागा मोकळी करत होते.

सोमवारी मास्तर पळायला म्हणून पहाटेच निघाले आणि गुपचूप दुकानात शिरले. कोटाची पाठीची शिवण उसवून अस्तराखाली एक लांब पट्टी बसवली. घालून पाहिला. बटण अचूक लागलं! कोट पुन्हा पुतळ्यावर चढला.

आणि त्याच दुपारी मास्तर लग्नाचा हॉल पाहायला गेले असताना सासूसुना त्या कोटापाशी आल्या.

"तुम्ही डावी बाजू घ्या, मी उजवी घेते."

"हात राखू नकोस गं, बन पुष्कळ खाल्लेत त्याने."

लग्नाच्या दिवशी कोट थेट हॉलवर नेला. शेठ, बँकवाला, सगळी वऱ्हाडी मंडळी गोळा झाली. मास्तरांनी हात घातले, बटण लावलं, आणि कोट पुढेमागे झुलू लागला. आत आणखी एक शिंपी सहज मावला असता.

"बाबा! केवढे बारीक झालात!" मुलगी किंचाळली. नवरीचा सगळा थाट विसरून ती धावत आली आणि तिने त्यांना मिठी मारली. "खरंच तुमचाच आहे हा कोट!"

मास्तर चक्रावले. पट्टी तर एवढीच घातली होती! क्षणभर त्यांचा बनवरचा विश्वास परत आला. मग हात आपोआप बाजूच्या शिवणीवर गेला. डावीकडे बोटांना लागला बारीक, घट्ट, लहानपणापासून ओळखीचा टाका. उजवीकडे लांब, तिरका, घाईतला. मास्तरांनी मान वर केली. आई छताकडे पाहत होती. बायको पंख्याकडे.

"हरलो, मास्तर!" शेठ गहिवरून म्हणाले. "उद्यापासून तुमच्याबरोबर!"

रात्री दोघींनी परीक्षेच्या पँटचीही कबुली दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. शेठ नवे पांढरे बूट घालून उभे.

"शेठ, जाऊ द्या हो, माफ केलं तुम्हाला," मास्तर पांघरुणातून म्हणाले.

"माफ कसं? चारचौघांत शब्द दिलाय! वर्षभर म्हणजे वर्षभर. उठा!"

जिंकलेला माणूस कण्हत उठला. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर शेठ बुटाची नाडी बांधायला वाकले आणि काहीतरी टणकन जाऊन रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर आदळलं. शेठनी दोन्ही हातांनी पँट धरली, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचे बन मी पण खात होतो. ही जरा सैल करून द्याल का? घरी कळू न देता."

मास्तरांनी बटण उचललं, फुंकर मारून खिशात टाकलं.

"आमच्याकडे सैल करणारी एक आहे, आवळणारी एक आहे," ते म्हणाले. "पँट आणून ठेवा. कुणाच्या हाती लागते, ते मात्र माझ्या हातात नाही."