सुपडूनानांनी टोपी काढली

सुपडूनाना रोज सकाळी मेहरूणच्या तळ्याकाठी बसून एक वाक्य पाठ करत असत. वाक्य तसं लहानच होतं. "प्रेमराज, ओवाळलेला पैसा वाजंत्र्यांचा असतो." कधी ते हे वाक्य दरडावून म्हणत, कधी हसत, कधी सहज आठवल्यासारखं. तळ्यावर धुकं असलं की वाक्य फारच छान जमे. धुक्यातला प्रेमराज खाली मान घालून म्हणे, "चुकनं नाना." मग नाना त्याला मोठ्या मनानं क्षमा करत. एवढ्यात ऊन वर येई, धुकं विरे, त्याबरोबर प्रेमराजही विरे आणि नाना दूध घेऊन घरी जात.

खरा प्रेमराज म्हणजे 'प्रेमराज म्युझिकल पार्टी'चा गायक. नाना त्याच्यामागे क्लॅरिनेट वाजवत, शकील ढोलक आणि शकीलचा धाकटा भाऊ आवेज बेंजो. जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांत चौघांना चांगली मागणी होती. ठरलेली बिदागी चौघांत सारखी वाटली जाई, तिच्यावरून कधी तंटा झाला नाही. तंटा होता तो लग्नात उडणाऱ्या नोटांचा. या नोटा दोन जातींच्या. कुणी गाण्याची फर्माईश करून दिली तर ती गाणाऱ्याची. पण नवरीवरून किंवा मामावरून ओवाळून टाकलेली नोट ही वाजंत्र्यांची. कारण तिच्याबरोबर त्या माणसाला लागलेली नजर निघून जाते, ती नोट परत घरात ठेवायची नसते. हा रिवाज नानांच्या आजोबांपासूनचा. प्रेमराजनं मात्र अलीकडे दोन्ही जाती एक करून टाकल्या होत्या.

"जे मन्हा पायजोडे पडस ते मन्हं," तो म्हणे. आणि माईक पुढे असल्यामुळे सगळं त्याच्याच पायाजवळ पडे.

"नाना, तुम्ही मोठे. तुम्ही बोला," शकील दर कार्यक्रमाआधी म्हणायचा.

"बोलतो," नाना म्हणायचे, आणि कार्यक्रमानंतर क्लॅरिनेट पुसत बसायचे.

शेवटी धरणगावच्या लग्नाच्या सुपारीआधी शकीलनं निर्वाणीचं सांगितलं. "आज शेवटचं. चाळीसगावची एक पार्टी आम्हा दोघा भावांना बोलावून राहिलीय. आज निकाल नाही लागला तर उद्यापासून तुम्ही आणि प्रेमराजभाऊ दोघंच भजनं म्हणा."

या तिघांशिवाय वाजवायचं म्हणजे काय, हे नानांना स्वप्नातसुद्धा दिसत नव्हतं; आणि त्यांना स्वप्नात बरंच काही दिसत असे.

"पण माझ्या तोंडून शब्द फुटत नाही रे."

"मग बोलूच नका ना! फक्त टोपी काढा. तो नोटा खिशात घालायला लागला की तुम्ही टोपी काढायची, आम्ही हात थांबवतो. ऐन गाण्यात वाजणं बंद पडलं की त्याला कळेल आपण कोण ते."

बेत चांगला होता. नानांना स्टेजवर बोडकं कुणी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा खूण चुकण्याची भीती नव्हती.

धरणगावात कापसाचे व्यापारी सुभाषचंदशेठ यांच्या नातीचं, विधीचं लग्न होतं. सकाळी मायऱ्याचा कार्यक्रम, म्हणजे नवरीच्या आईसाठी माहेरहून तिचा भाऊ चुनरी आणि आहेर घेऊन येतो तो. मंडपात झेंडूच्या माळा वाऱ्यावर हलत होत्या, कापसाच्या ढिगासारखे पांढरे ढग वर तरंगत होते. नाना ते बघत उभे होते, तेवढ्यात प्रेमराज चहाचे दोन कप घेऊन आला.

"नाना, साखर कमी शे, तुम्हले लागस तशी. आज आवाज जड शे मन्हा. सांभाळी ल्या."

त्यानं माईकच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली. प्रेमराजला नजरेची फार भीती. दंडाला काळा दोरा, गळ्यात ताईत, पायात काळा गोफ. कुणी आवाजाची जास्त स्तुती केली की तो लगेच खोकून दाखवी. नानांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांचं मन विरघळलं. ज्याला आपली साखर माहीत आहे त्याच्या गाण्यात खोडा कसा घालायचा? नाही. टोपी काढायची नाही. हे शकीलला सांगायला हवं होतं. पण सांगणं हीच तर नानांची अडचण होती.

गाणं सुरू झालं. सासरच्या वेशीवर उभी राहून भावाची वाट बघणाऱ्या बहिणीचं गाणं. मामा आले, नोटा ओवाळल्या गेल्या, प्रेमराजच्या पायाशी पडल्या आणि दोन कडव्यांमधल्या जागेत त्याच्या खिशात गेल्या. शकीलनं नानांकडे पाहिलं. नानांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत मेहरूणचं तळं होतं आणि बोलायचं काही नव्हतं.

"नाना! ओ नाना!"

डोळे उघडले तर समोर सुभाषचंदशेठांच्या मातोश्री कुसुमलताबाई, हातात कुंकवाची वाटी घेऊन. मायऱ्याला आलेल्या सगळ्यांना टिळा लावत त्या वाजंत्र्यांपर्यंत आल्या होत्या.

"कपाळ कुठंय तुमचं? टोपी वर घ्या थोडी."

नानांची टोपी भुवयांपर्यंत असे. एवढी मोठी बाई समोर उभी, थोडी कशी वर घ्यायची? अदबीनं नानांनी टोपी काढली.

ढोलक थांबलं. बेंजो थांबला.

"अहो, डोकं उघडं नका करू, टिळा घेताना!" कुसुमलताबाई म्हणाल्या. पण जे व्हायचं ते झालं होतं. मंडपभर शांतता पसरली, आणि त्या शांततेत प्रेमराजचा आवाज एकटाच पुढे चालत राहिला. मोकळ्या माळावर एकटी बाई चालावी तसा.

प्रेमराजनं मागे वळून पाहिलं. नानांनी मान हलवून 'चुकून झालं' असं सांगायचा प्रयत्न केला. शकीलला वाटलं, 'थांबूनच राहा' म्हणताहेत.

खरी पंचाईत पुढेच होती. सगळा मंडप तल्लीन झाला होता. भांडी वाजायची थांबली. आचारी झारा हातात घेऊन दारात आला. सुभाषचंदशेठ शकीलच्या कानाशी वाकले.

"वाजवणं बंद करायची आयडिया कुणाची? क्या बात है! पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं, अर्पितचं लग्न आहे, तेव्हा एकट्या प्रेमराजलाच बोलावू. वाजवणाऱ्यांचा खर्चही वाचेल."

शकीलनं नानांकडे असं पाहिलं की टोपीबरोबर डोकंही काढून ठेवावं असं नानांना वाटलं.

तेवढ्यात नानांच्या कानाला दुसरंच काही टोचलं. आधाराला सूर नसल्यामुळे प्रेमराजचा आवाज वर वर सरकत चालला होता. लोकांना ते गोड वाटत होतं. नानांना मात्र दोर तुटलेला पतंग दिसत होता. पुढच्या ओळीत बहीण हाक मारते, ती जागा उंच. एवढ्या उंचीवरून ती हाक मारली तर आवाज फाटणार. प्रेमराजलाही ते कळलं होतं. त्याच्या मानेवरून घामाची धार निघाली होती.

नानांना संप आठवला नाही, शकील आठवला नाही, वाक्यही आठवलं नाही. त्यांनी टोपी काखेत मारली, क्लॅरिनेट ओठाला लावली आणि एकच सूर लावला. हळू, खाली, तळ्याच्या पाण्यासारखा आडवा. प्रेमराज उंचावरून त्या सुरावर अलगद येऊन बसला. मग त्यानं हाक मारली.

मंडपातल्या सगळ्या बहिणी एकदम रडल्या. काही भाऊही रडले.

"अरे, नजर लागेल या पोराला!" कुसुमलताबाई पुढे झाल्या. पोराचे कल्ले पांढरे झाले होते, तरी त्यांनी पदराच्या गाठीची नोट सोडली, प्रेमराजच्या डोक्यावरून ओवाळली आणि त्याच्या पायाशी टाकली. त्यांचं पाहून सुनेनं ओवाळली. मामांनी ओवाळली. रांगच लागली. नवरीनं, विधीनं, मेंदीच्या हातानं ओवाळली, आचाऱ्यानं झारा काखेत धरून ओवाळली. प्रेमराजच्या पायाशी नोटांचा ढीग झाला, आणि जसजसा ढीग वाढला तसतसा प्रेमराज मागे सरकू लागला.

गाणं संपल्यावर शकील ढोलक बाजूला ठेवून पुढे आला.

"उचला प्रेमराजभाऊ. तुमच्याच पायाशी पडलंय."

"हात नका लावाले सांगू!" प्रेमराजनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मन्हावरथून ओवाळेल शे ते! गावभरनी नजर शे त्यामा!"

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? रिवाज माहीत नही का तुले? ओवाळेल पैसा वाजंत्रीस्ना शे!"

नाना दचकले. महिनोन् महिने घासून-पुसून ठेवलेलं आपलं वाक्य दुसऱ्यानंच वापरून टाकलं, म्हणून क्षणभर त्यांना वाईटही वाटलं.

"आजच्यापुरतंच का कायमचं?" शकीलनं विचारलं.

प्रेमराजनं ढिगाकडे पाहिलं, ताईत चाचपला. "कायमनं," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या खिशातून मामांवरून ओवाळलेल्या नोटाही काढून ढिगावर टाकल्या आणि खिसा झटकला.

सुभाषचंदशेठांनी अर्पितच्या लग्नाला चौघांनाही बोलावलं. "थांबायला आधी ढोलक-बेंजो पायजे, आणि तो मधला पिपाणीचा सूर पण पायजे," ते म्हणाले. शकील आणि आवेजनं चाळीसगावचं नाव पुन्हा काढलं नाही.

ऊन उतरताना नाना घरी पोचले. वाटणीच्या नोटा रुमालात होत्या, डोळ्यांत अजून मंडप होता. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, दारातच त्यांना निरखलं.

"काय व्हयनं? डोळा असा का बरं तरंगी राहिनात?"

"आज वाजवनं व्हतं..." नाना म्हणाले आणि पुढचं हरवलं.

"कोनी तरी नजर लागनी तुम्हले!" शेवंताबाईंनी त्यांच्या हातातला रुमाल घेतला आणि नाना 'अगं, अगं' म्हणेपर्यंत तो त्यांच्या डोक्यावरून तीनदा फिरवला. "काय शे यामा?"

"पैसा."

"मंग आते घरमा नही ठेवाना. वाजाडनारले दी टाका."

"वाजाडनारा मीच शे ना!"

"मंग गानारले द्या," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी नानांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं.

प्रेमराज तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत राहायचा. नानांनी वाटेत नवं वाक्य जुळवायला घेतलं, पण पाण्यात सूर्य बुडत होता आणि वाक्य पुनःपुन्हा त्याच्याकडे बघत थांबत होतं. दारात प्रेमराज गुळण्या करत उभा होता. नानांनी नुसता रुमाल पुढे केला.

"हाई काय?"

"ओवाळेल शे. मन्हावरथून."

प्रेमराजनं रुमालाकडे पाहिलं, नानांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. टोपी अजून काखेतच होती. मग त्यानं रुमाल घेतला.

"नाना, तुम्हनी नजर मले बाधाव नही," तो म्हणाला. "पन एक सांगा. तुम्हनी टोपी निघताच ढोलक थांबनं, ते मी देखं. टोपी काढानी व्हती तं पह्यले मले सांगाले काय झायं व्हतं?"

"सांगता येतं," नाना म्हणाले, "तं टोपी कसाले काढतू?"

आणि आपण हे मोठ्यांदा म्हणालो हे लक्षात आल्याबरोबर त्यांनी घाईघाईनं टोपी घातली, भुवयांपर्यंत.