पॅनलवरची मिरची

गिरधरआप्पांच्या बॅटरीतली वीज नाहीशी झाली आहे, हे शुक्रवारी सकाळी उघडकीला आलं. रविवारच्या कार्यक्रमात बॅटरीला हार कुठून घालायचा, हे बघायला भूपेश आला होता. जिन्याखाली वाकला, तर हिरव्याच्या जागी लाल दिवा.

“आप्पा, हाई तर रिकामी शे! रातले काय काय चालू व्हतं?”

“काहीच नही. एक बल्ब व्हता. जेवनू आन खाटवर जपनू.”

भूपेश तिथेच जिन्यावर बसला. कोरीट ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्याचं सगळं राजकारण या बॅटरीवर उभं होतं. घराघरावर सौर पॅनल, घराघरात बॅटरी, असं त्याचं आश्वासन होतं. विरोधातल्या नवनीतच्या गटाचं म्हणणं, पॅनल गायरानात लावा, बॅटरी म्हणजे नुसतं खूळ. आप्पांचं घर भूपेशने नमुना म्हणून निवडलं होतं. रविवारी तालुक्याचे साहेब येणार, सगळ्यांसमोर भूपेश लाइनचा मेन स्विच बंद करणार आणि घर तरीही चालणार, असं ठरलं होतं.

आप्पांना राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांची काळजी वेगळी होती. बायको दगूबाई श्रावणात गेली, तेव्हापासून शहाद्याची लेक स्वप्नाली त्यांना आपल्याकडे न्यायला टपली होती.

“तुम्ही एकला कसा ऱ्हातस तठे? मन्हासंगे चाला,” ती रोज फोनवर म्हणे.

“मी करी ऱ्हायनू ना बठ्ठं,” आप्पा रोज सांगत.

शेवटी तोड निघाली. रविवारी ती येऊन घर बघणार. नीट चाललेलं दिसलं तर आप्पा राहतील, नाहीतर कपडे भरून तिच्याबरोबर शहाद्याला जातील. आप्पांना घर सोडायचं नव्हतं. त्यामुळे रविवारी अंधार होऊन चालणार नव्हतं.

“हाई नवनीतनंच काम शे,” भूपेश म्हणाला. “रातले वायर टाकीसन वीज वढी लेस तो.”

नवनीतला हे पारावर कळलं. तो म्हणाला, “मन्ही वीज मी बिल भरीसन लेस. त्यानी कसाले चोरू? मी सांगेलच व्हतं, बॅटरी फक्त भाषनमा चालस.”

त्यावर भूपेशने बॅटरीला पहारा बसवला. दोन कार्यकर्ते आप्पांच्या ओट्यावर आले. उकडतं म्हणून त्यांनी पंखा लावला, जागं राहायला टीव्ही लावला. बॅटरीत जे काही उरलं होतं ते पहाऱ्यात संपलं.

शनिवारी भूपेशने बॅटरी बसवणाऱ्या भरतला फोन लावला आणि तो आप्पांच्या हातात दिला.

“आप्पा, पॅनल पुसतस का?” भरतने विचारलं.

“रोज सकायले. वल्लं फडकं लिसन.”

हे खरं होतं. मिरची घालण्याआधी आप्पा प्रत्येक पॅनल स्वच्छ पुसत.

मिरचीचं असं होतं. या घराचं छत गल्लीत सगळ्यात मोठं. दरवर्षी दगूबाई तिथे वर्षाची मिरची वाळवायची. यंदा छत पॅनलांनी भरून गेलं. पॅनलखाली सावली होती, वर ऊन होतं. शिवाय पॅनल बसवायला आलेला कंपनीचा माणूस जाताना म्हणाला होता, गावातलं सगळ्यात चांगलं ऊन या काचेवर पडतं. आप्पांनी ते ध्यानात ठेवलं. दगूबाईची जुनी लुगडी पॅनलच्या चौकटीला ताणून बांधली, मिरची घसरू नये म्हणून खालच्या कडेला बांबू लावले, आणि वर लाल मिरची पसरली. जमिनीवर पाच दिवस घेणारी मिरची दोन दिवसांत कडक व्हायला लागली. कंपनीने काम चोख केलं आहे, असं त्यांचं मत झालं.

“झाडनी सावली पडस का पॅनलवर?” भरत विचारत होता.

“झाड शेच नही.”

“पाखरं घान करतस?”

“पाखरू फिरकस नही तठे.”

“मंग पॅनल बेस शे. बॅटरीच खराब व्हई,” भरत म्हणाला.

पाहुणे यायच्या आत वाळवण आटपावं म्हणून आप्पांनी त्याच दुपारी उरलेल्या पॅनलांवरही मिरची घातली.

साहेबांची तारीख बदलता येत नव्हती; सकाळच्या उन्हात बॅटरी थोडी तरी भरेल, या भरवशावर भूपेशने रविवारी मांडव घातला. स्वप्नाली सकाळच्या एसटीने आली. तिने भांडी बघितली, पिठाचा डबा उघडून बघितला, देवळीवरून बोट फिरवलं. आप्पा तिच्या मागे मागे फिरत होते.

साहेब आले. बॅटरीला हार घालण्यात आला. भूपेशने ऊर्जेवर भाषण केलं आणि टाळ्यांच्या गजरात मेन स्विच खाली ओढला. कूलर थांबला. माइकही थांबला, त्यामुळे भूपेश पुढे काय म्हणाला ते कोणाला कळलं नाही.

“मी काय सांगू ऱ्हायन्तू?” मागून नवनीत ओरडला. त्याला माइक लागला नाही.

स्वप्नालीने वडिलांकडे पाहिलं. “आप्पा, कपडा भरा.”

साहेबांना घाम फुटला होता. ते म्हणाले, “पॅनल तरी दाखवा.” सगळे जिन्याने वर गेले. वर पॅनल दिसेना. लाल मिरचीचे उतार दिसले. साहेबांना पहिली शिंक तिथेच आली.

“आप्पा, हाई काय शे?” भूपेशने विचारलं.

“मिरची.”

“काढा ती!”

“संध्याकायले काढसू. आज ऊन चांगलं शे.”

साहेब शिंकत खाली गेले आणि गाडीत बसले. पण गल्लीतल्या बायका वरच थांबल्या. शेजारच्या काजलने एक मिरची मोडली. कट् आवाज झाला.

“भूपेशभाऊ, असा काच माले बी जोयजे.”

“अवं, तो काच नही, पॅनल शे. वीज करस.”

“वीज ते लाइनवर शेच. मिरची कोठे वाळाडू?”

त्या संध्याकाळी बायका पॅनलसाठी नाव द्यायला भूपेशच्या दारात उभ्या राहिल्या. आठवड्याभरात नवनीतनेही गायरानातल्या पॅनलवर वाळवणाला पहिला हक्क गावाचा राहील, असं जाहीर केलं. एवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही गटांचं एकमत झालं.

त्या रविवारी स्वप्नाली मात्र सगळे खाली गेल्यावरही छतावर थांबली होती. तिने आईचं लुगडं ओळखलं. गाठीला हात लावून पाहिला.

“कोनी शिकाडं तुम्हले?”

“कोन्ही नही. तुन्ही माय करे, ते देखेल व्हतं.”

ती खाली आली आणि कपड्यांचं कपाट तिने उघडलं नाही. चहा टाकला. जाताना एसटीच्या पायरीवरून विचारलं, “तिखटमा माय धना कितला टाके?”

आप्पांना माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. गाडी सुटली.

मिरची आता पोत्यात भरून ठेवली आहे आणि बॅटरीचा दिवा हिरवा आहे. तिखट अजून कुटलेलं नाही.