उद्या जन्मलेला भक्त

तैवानमधल्या तैनानच्या मात्सू देवीच्या देवळात नववर्षाच्या दिव्यांची पूजा चालली होती आणि शू-फेन खांबापाशी हात जोडून उभी होती. भक्तांनी मोबाइलवर नाव नोंदवायचं, देवीपुढे त्या नावाचा दिवा वर्षभर तेवायचा, अशी नवी सोय. ती बनवली चिया-हाओनं, तपासली शू-फेननं. पूजा पार पडली की विश्वस्त कुओकाका पसंतीची सही करणार होते. तीन आठवड्यांत तिनं दोनशे तेरा चुका काढल्या होत्या. पोरांचे गुण सांगावेत तसा हा आकडा ती सांगे.

पुरोहित नावं वाचत होते. लिन, हुआंग, चेंग... मग स्वर किंचित अडखळला.

"भक्त ककककक. वय एकशे एक्केचाळीस. पत्ता, चंद्र."

शू-फेननं झटकन वेदीकडे पाहिलं. अक्षरं पुरोहितांना लांबून वाचता येतात का, हे पाहायला सकाळी तिनंच तपासणीच्या खोट्या नावांचा कागद वेदीवर ठेवला होता. उचलायचा राहिला.

"ताई, तो तुमचा कागद आहे," चिया-हाओ कुजबुजला.

"दिसतंय मला."

"मग उचला की."

"देवीपुढचा कागद मधेच उचलतात का रे? घरी काही शिकवलंय की नाही?"

उणे पाच वर्षांचा भक्त झाला. साठ अक्षरी नावाचा झाला. तिथे पुरोहितांनी दोनदा दम घेतला, पण अक्षर गाळलं नाही. सगळ्यांसाठी घंटा वाजली, दिवा लागला.

"भक्त वू. जन्म, उद्या."

मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि थेट कुओकाकांपुढे उभ्या राहिल्या.

"सुनेचं बाळंतपणाचं ऑपरेशन उद्या नऊ वाजून दहा मिनिटांनी आहे. मुहूर्त काढून घेतलाय. तुमचा मोबाइल म्हणतो, जन्मतारीख चुकीची. मग या वूंचं कसं घेतलंत? वशिला का?"

काकांनी चिया-हाओकडे पाहिलं. चिया-हाओनं शू-फेनकडे.

"वू पहिल्या आठवड्यातले," तो म्हणाला. "तेव्हा ॲप उद्याची तारीख घेत होतं. मग ताई मानगुटीवर बसल्या, की उद्या जन्मणारा माणूस असतो का कुठे? म्हणून बंद केलं."

"असतो की," आजी म्हणाल्या. "साडेतीन किलोचा आहे."

शू-फेननं लाल कागदावर बाळाचं घराणं आणि मुहूर्त हातानं लिहून तो पुरोहितांना दिला. घंटा वाजली. आजींनी नमस्कार केला, वूंच्या दिव्यालाही एक केला.

पूजा आटोपली. कुओकाका पेन उघडून आले. चंद्रावरच्या भक्ताबद्दल चकार शब्द नाही.

"कुठे करू सही?"

चिया-हाओनं कागद पुढे केला. शू-फेननं तो अलगद मागे ओढला.

"आज नको काका. एक चूक राहिलीय."

"याची?"

"नाही, माझी. उद्याची तारीख मीच बंद करायला लावली." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण मान ताठ. "याच्या एकाही चुकीला तिची सर नाही."