भास्करनाना आणि मागची सीट

रोज सकाळी नऊ वाजता एक माणूस माझ्या ओट्यावरून मोटारसायकलवर चढतो. मी पेपर वाचत बसलेला असतो. तो खालून "येऊ का?" म्हणून विचारतो, मी पाय आखडून घेतो, मग तो तीन पायऱ्या चढून वर येतो, डाव्या हाताने खिडकीचा गज धरतो आणि ओट्याला लावून उभ्या केलेल्या गाडीवर टांग टाकतो. जळगावच्या पिंप्राळ्यात हे घर मी घेतलं त्याला चार वर्षं झाली. ओट्यावरचा हा हक्क घराबरोबरच आला, खरेदीखतात मात्र त्याचा उल्लेख नव्हता.

गाडी साधीसुधी नाही. डर्ट बाईक आहे. डोंगरात, चिखलात उड्या मारायला करतात ती. उंच, हडकुळी, पुढचं चाक भलंमोठं. मेहरूण तलावाकडे संध्याकाळी कॉलेजातली पोरं मातीच्या ढिगांवरून तसल्या गाड्या उडवतात. आमचे भास्करनाना तिच्यावरून दूध आणायला जातात. नानांचं वय बासष्ट, उंची पाच फूट एक इंच, आणि त्यातला इंच त्यांच्या सांगण्यावरून धरायचा. गाडीवर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सिग्नलला ते फूटपाथच्या कडेला थांबतात. फूटपाथ नसला तर शेजारच्या रिक्षाच्या टपाला हात लावून उभे राहतात. रिक्षावाल्यांना आता सवय झाली आहे, हिरवा दिवा लागला तरी नानांनी हात काढेपर्यंत ते हलत नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या घराला ओटा नाही का, असं कुणी विचारेल. होता. माझ्यापासून चौथं घर त्यांचं. गाडी आत घेता यावी म्हणून नानांनी ओटा फोडून तिथे सिमेंटचा उतार केला. गाडी आत जाऊ लागली आणि नानांना तिच्यावर चढता येईना. तेव्हापासून ते रोज गाडी हाताने ढकलत चार घरं माझ्याकडे येतात आणि परतताना माझ्याकडे उतरून ढकलत घरी नेतात.

"नाना, एखादी स्कूटी घ्या ना," मी एकदा म्हणालो.

"स्कूटीचं चाक केवढं? ताटलीएवढं. खड्ड्यात गेलं की गेलं. हिचं बघा. खड्डा हिला विचारून येतो."

नाना वीज खात्यात लाइनमन होते. पस्तीस वर्षं खांबावर चढले आणि एकदाही शॉक खाल्ला नाही. त्याचं श्रेय ते तीन शब्दांना देतात. "आधी लाइन बंद." मग हातमोजे, मग शिडी, आणि हिंमत सगळ्यांत शेवटी. निवृत्त झाले, पण हे तीन शब्द काही निवृत्त झाले नाहीत. गॅसचा वास आला तरी आधी लाइन बंद. कॉलनीच्या सभेत दोघांची जुंपली की मागून नानांचा आवाज येतो, "आधी लाइन बंद करा दोन्ही, मग बोला." आश्चर्य म्हणजे दोघेही गप्प बसतात.

गाडीवर निघण्याचा त्यांचा विधी दहा मिनिटं चालतो. ब्रेक दाबून बघायचे, चेन बघायची, टायरला अंगठा लावायचा. मग अंगावर जाड जाकीट, कोपरांना आणि गुडघ्यांना कवचं, पायात पोटरीपर्यंत बूट, हातमोजे, आणि डोक्यावर हेल्मेट. त्याच्या आत ओला पंचा. हे सगळं जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही माणसं बनियनसुद्धा अंगावर नको म्हणत असतो. ऊन लागू नये म्हणून जाकिटाच्या खिशात कांदा. एवढा जामानिमा करून नाना ताशी पंचवीसच्या वेगाने भाजीबाजारात जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खूप हसलो होतो. तेव्हा माझ्या हेल्मेटमध्ये आम्ही लसूण ठेवायचो, त्यामुळे हसण्याचा अधिकार मला कितपत होता हा प्रश्नच आहे.

दर रविवारी नाना गच्चीवर पडण्याचा सराव करतात. गादी टाकायची, स्टुलावर उभं राहायचं आणि पडायचं. हनुवटी छातीला, हात आत, खांद्यावरून गोल. धप्प, धप्प असा आवाज चार घरं ऐकू येतो. "खांबावर चढायला सगळे शिकवतात," ते म्हणतात, "पडायला कोणी शिकवत नाही. अन् पडायचं तर लहान-थोर बठ्ठ्यांनाच असतं."

मेहरूणच्या पोरांनी आधी त्यांची टिंगल केली. एका संध्याकाळी नाना तिथे गेले, एका दगडाशी गाडी लावून उतरले आणि ढिगावरून उडणाऱ्या, उघड्या डोक्याच्या पाच-सहा जणांना विचारलं, "उडता छान. पडता येतं का?" पोरं हसली. नानांनी तिथेच ढिगावरून खाली गोलांटी घेतली, उठून कपडे झटकले आणि म्हणाले, "आता तुम्ही." एकालाही जमलं नाही. एकाची तर मान धरली. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम बघायला गेलो तर सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेटं होती आणि रस्त्यावरची उडवाउडवी बंद करून ती पलीकडच्या मोकळ्या मैदानात गेली होती. मला हे कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी त्या दिवशी घरी येऊन लसूण टोपलीत काढला.

आता मागच्या सीटबद्दल. असल्या गाडीला मागे बसायला नावापुरती पट्टी असते. नानांनी तिथे रफिकभाई सीटवाल्यांकडून चांगली रुंद सीट करून घेतली आहे, आत शेवरीचा कापूस, पाठीला टेका, धरायला दोन्ही बाजूंनी कडी, पाय ठेवायला खास खाली घेतलेली पट्टी. रफिकभाई चार वेळा माप घेऊन कंटाळले आणि म्हणाले, "नाना, मोटारसायकलची सीट करू की पलंग?" त्या सीटवर मी कुणालाही बसलेलं पाहिलं नाही. मंदावहिनीसुद्धा, म्हणजे नानांच्या पत्नी, रिक्षानेच जातात. सीटच्या कडीला एक दुसरं हेल्मेट असतं, पांढरं, कायम पुसलेलं. चौकातल्या पोलिसाने एकदा विचारलं, हे कुणाचं? नाना म्हणाले, "सवारी यायची शे."

नाना एकदा बाजारात भेटले तेव्हा मी माझी भरताची वांगी त्या हेल्मेटमध्ये ठेवली. गंमत म्हणून. नानांनी एकेक वांगं काढून माझ्या हातात दिलं, हेल्मेट आतून पुसलं आणि मला तिथेच सोडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता "येऊ का?" विचारलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग मंदावहिनींनी सांगितलं.

नानांना एक थोरली बहीण आहे, एरंडोलला दिलेली. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आई लवकर गेली, नानांना आक्कांनीच वाढवलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, मग माहेरवाशीण सत्तरीला का आलेली असेना. सात वर्षांपूर्वी नाना असेच स्कूटरवर आक्कांना आणायला गेले. एरंडोलहून जळगावपर्यंत नीट आले. आमच्याच गल्लीत, घर चार दारांवर असताना, नळासाठी खोदून वरवर बुजवलेल्या चारीत पुढचं चाक रुतलं. नाना पडले, उठले, साधं खरचटलंही नाही. आक्कांचा गुडघा गेला आणि कपाळाला सात टाके पडले.

"यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं," मंदावहिनी म्हणाल्या. "आक्कांच्या डोक्यावर पदर होता."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांना सुरक्षा शिकवणाऱ्या माणसाला हे कसं पचावं? महिन्याभराने नानांनी स्कूटर विकली आणि दुकानात जाऊन विचारलं, खड्ड्यात गेली तरी मागच्या माणसाला हादरा न देणारी गाडी कोणती. दुकानदाराने ही दाखवली. नानांनी घेतली. खड्ड्याचा विचार केला, आक्कांच्या न वाकणाऱ्या गुडघ्याचा राहिला. सीट आक्कांच्या बरगडीपर्यंत येते.

तरीही दर आखाजीला ते एरंडोलला जातात. पांढरं हेल्मेट पुढे करून म्हणतात, "आक्का, बठ." आक्का म्हणतात, "माले नही बठनं. मी एसटीमा येस." मग आक्का एसटीत बसतात आणि नाना जळगावपर्यंत एसटीच्या मागे येतात. ती थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. आक्का नेहमी शेवटच्या सीटवर बसतात. तिथे हादरे सगळ्यांत जास्त, पण पाय पसरायला जागा मिळते असं त्यांचं म्हणणं. मागच्या काचेतून रस्ता दिसतो हे त्या सांगत नाहीत.

हे ऐकल्यावर मी नानांकडे जाऊन वांग्यांबद्दल माफी मागितली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "भरीत कसं झालं?"

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी गल्ली पुन्हा खोदली. माझ्या घरापासून पुढे नुसते दगड आणि मुरूम. दुपारी बारा वाजता आक्कांची रिक्षा माझ्या दारात थांबली आणि रिक्षावाला म्हणाला, पुढे नाही जाणार. मागोमाग नाना आले, ओट्याला गाडी लावून उतरले. आक्का काठी टेकून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. चार घरांचंच अंतर, पण ताठ पायाने त्या दगडांतून कसं जायचं? आणि ती जागा नेमकी तीच. नानांचा चेहरा उतरला होता. हेल्मेट हातात होतं, पण यंदा त्यांनी "बठ" म्हटलंच नाही.

मी म्हणालो, "आक्का, वर या. पाणी घ्या आधी."

काठी टेकत त्या तीन पायऱ्या चढल्या. पाणी प्यायल्या. ओट्यावरून ती मागची सीट त्यांच्या कमरेइतकीच उंच होती. त्यांनी तिच्यावर तळहात दाबून बघितला.

"हाई सीट कोनी करी?"

"रफिकभाईनी. शेवरीना कापूस शे."

"इतली मऊ कसाले?"

"तुन्हासाठे," नाना म्हणाले.

आक्कांनी पुन्हा एकदा दाबून बघितली. मग म्हणाल्या, "आधी तुन्ही लाइन बंद कर."

"बंद शे, आक्का."

"चावी दे मन्हाकडे."

नानांनी चावी दिली. आक्कांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, पदर खोचला आणि डोकं पुढे केलं. नानांनी हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावू लागले. तो पट्टा काही लवकर लागेना. मी मदत केली नाही. ते त्यांचं काम होतं.

आक्का ओट्यावरून सीटवर सरकल्या, एका बाजूला पाय घेऊन. ताठ पाय त्या खाली घेतलेल्या पट्टीवर बरोबर टेकला. माप चुकलं नव्हतं. नाना हँडल धरून चालू लागले आणि मी मागून टेका दिला. चार वर्षं रोज ती गाडी ढकलत आणल्याचा सराव होताच. गाडी दगडांवरून चढत उतरत गेली. आक्का जागच्या हलल्या नाहीत. चारी आली तिथे नाना थांबले.

"आते चारी शे, आक्का. घट्ट धर."

आक्कांनी कडी सोडून नानांचा खांदा धरला. चाक चारीत उतरलं आणि वर आलं. नानांनी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. मला रडू आलं हे मी सांगून टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

नानांच्या दारात मंदावहिनी पाणी-भाकर घेऊन ओवाळायला उभ्या होत्या. तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं की उतरायला ओटाच नाही. मंदावहिनी म्हणाल्या, आम्ही दोघं-तिघं धरून उतरवतो.

"माले उचलीसन उतारशात?" आक्का म्हणाल्या. "मी काय गहूनं पोतं शे? फिराव गाडी. त्या भाऊना वट्टावर उतरसू."

नानांनी भर उन्हात, जाकीट-बूट-कांद्यासकट, गाडी वळवली. पुन्हा दगड, पुन्हा ती चारी, पुन्हा माझा ओटा. मी धावत वर जाऊन आक्कांना हात दिला. त्यांनी तो धरला नाही. हेल्मेट घातलेलं डोकं वळवून त्यांनी गल्लीकडे बघितलं, पदराची गाठ चाचपली, आणि पुन्हा नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भास्कर," त्या म्हणाल्या, "आखो एक चक्कर मार."