दोन्ही नरच!

"एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. अंगाशी घट्ट धरायचं. कान धरून उचलायचं नाही. तुला कुणी कान धरून उचललं तर चालेल?"

"नाही बाबा," लॅपटॉपवरची नजर न काढता मुलगी म्हणाली.

पांढऱ्या आणि करड्या हे दोन ससे भाऊ भाऊ आहेत, हे बाबांनी चार महिन्यांपूर्वी विकत घेतानाच दोघांना उलटं करून ठरवलं होतं. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून अख्ख्या गल्लीचे डोळे तपासलेला माणूस तो. "एकदा डॉक्टरांना दाखवा" म्हणणाऱ्या विक्रेत्याला त्यांनी हाताच्या इशाऱ्यानेच गप्प केलं होतं. "नर. दोन्ही नरच!"

मुलीला ससा उचलायला शिकवलं, त्याच रात्री "उद्या गवत आणायला हवं" म्हणून ते झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी पांढऱ्या स्वतःच्या छातीवरचे केस उपटू लागला.

"दुःख झालंय बिचाऱ्याला," सोबतीला येऊन राहिलेली आत्या म्हणाली. "तुझ्यापेक्षा तोच बरा. मोकळा तरी होतोय."

बाबांचे ससे आपल्या हातून दगावता कामा नयेत, एवढंच मुलीच्या डोक्यात होतं. तिने पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला केसांचा ढीग काढून टाकला. पांढऱ्याने नवा रचला. तिने तोही काढला. आत्या सगळे केस कागदी पिशवीत भरत होती. "डॉक्टरांना पुरावा लागतो."

शेवटी मुलीने जुन्या लोकरी मोज्याला भोकं पाडून पांढऱ्याला स्वेटर चढवला. तो अर्ध्या मिनिटात त्यातून बाहेर आला आणि करड्याने मोजा चावायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी वळवळलं.

"उंदीर!" आत्या खुर्चीवर चढली.

सात होते. उघडेबोडके, मिटल्या डोळ्यांचे, गार पडत चाललेले. मुलीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"केस उपटत होती ना? घरटं करत होती ती. कुठे आहे घरटं?"

"मी... रोज साफ केलं."

"केस फेकले?"

"पुरावा आहे!" आत्या खुर्चीवरूनच ओरडली.

"मग आधी तिच्या गवतावर हात चोळा, तिचाच वास लागू दे हातांना. खोक्यात सुकं गवत, त्यावर केस, त्यात पिल्लं. वरूनही केस घाला. आणि त्या भावाला दुसऱ्या खोलीत हलवा, आत्ताच. नाहीतर महिन्याभरात परत फोन कराल."

मुलीने एकेक पिल्लू तळव्यात घेतलं. सातही पिशवीतल्या केसांत नाहीशी झाली.

पांढरी मात्र दिवसभर खोक्याकडे फिरकली नाही. संध्याकाळी आत्या वाटीत दूध आणि ड्रॉपर घेऊन उभी. "कसली आई ही! ढुंकून बघत नाही!"

"आत्या, वाटी ठेव खाली. सशांच्या आया दिवसातून एकदा-दोनदाच पाजतात, तेही चार-पाच मिनिटं. बाईंनी सांगितलंय. सकाळी पोटं बघायची."

"आणि सपाट असली तर?"

"तर फोन करायचा. दूध नाही पाजायचं."

आत्याने वाटी ठेवली. आपल्याला कुणी असं सांगावं, याची तिला सवय नव्हती; पण तिने ठेवली.

पहाटे दोघी खोक्यावर वाकल्या. मुलीने हात चोळून केस बाजूला केले. सात पोटं, सातही टम्म फुगलेली. एकाने तर तिच्या बोटाला लाथ मारली.

आत्या हसता हसता डोळे पुसू लागली. "दादा असता तर म्हणाला असता, मला ठाऊकच होतं. जन्मात कुणी त्याला चुकलास म्हणायला धजलं नाही बघ. मीसुद्धा."

मुलीने केस पुन्हा नीट पांघरले. बाबांच्या बंद खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली,

"बाबा, साफ चुकलात तुम्ही. या, बघा तरी एकदा."