वाकडा माड

"लगूनमधून होडी न्यायला यंत्र कशाला? माझे डोळे आहेत की," असं तेरेपाईने आइतुताकी बेटभर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बहिणीच्या लग्नाला नवरी मोएरोआ, भाजलेलं डुक्कर आणि नवी कोरी पांढरी टोपी घातलेली रांगी आत्या, असा सगळा मौल्यवान ऐवज त्याच्याच होडीत बसला. पलीकडच्या छोट्या बेटावर नवरदेव आणि पाळक ताटकळत होते. पाळक संध्याकाळच्या विमानाने महिनाभरासाठी जाणार होते. आज चुकलं की लग्न पुढच्या महिन्यात!

तेरेपाईची युक्ती सोपी होती. मागे वळून चर्चचा मनोरा आणि किनाऱ्यावरचा वाकडा माड एका रेषेत ठेवायचा, की लगूनच्या उथळ वाळूपट्ट्यांमधूनही होडी खोल पाण्यातच राहते. एरवी पाण्याच्या रंगावरूनही खोली कळते, पण आज आभाळ भरलेलं आणि पाणी सगळीकडे राखाडी. त्याने माड शोधला, जरासा वाकलेला एक सापडला, आणि होडी हाकली.

खर्रर्र! होडी वाळूत रुतली. डुक्कर घसरत येऊन आत्याच्या मांडीवर विसावलं. ओहोटी लागलेली, ढकलून ढकलून सगळे दमले, होडी हलेना. मोएरोआ रडायला लागली.

"आत्या, तुमच्या घरामागचा वाकडा माड कुठे गेला?" किनाऱ्याकडे बघत तेरेपाईने विचारलं.

"टोपी विणायला कोवळी पात हवी म्हणून परवा तूच नाही का तोडलास?" आत्याने डोक्याला हात लावला. "हा काय, मी घालून बसलेय."

तेरेपाईने तो माड आजवर पाण्यातूनच ओळखला होता. जमिनीवर उभं राहून तोडताना तो त्याला नुसता आत्याचा माड वाटला!

बेटावरून हे सगळं दिसत होतं. थोड्या वेळाने पाळक झगा कमरेला खोचून, गुडघाभर पाण्यातून चालतच आले. मागे नवरदेव, मागे अख्खं वऱ्हाड, डोक्यावर ताटं. वाळूच्या त्या पट्ट्यावरच लग्न लागलं, डुक्कर संपलं, आणि पाळक बेटावरून ओढत आणलेल्या हलक्या वल्ह्याच्या होडीतून विमानाला वेळेत पोचले. लगून उथळ केल्याबद्दल आत्याने देवाचे आभार मानले. सर्वांत मोठ्याने 'आमेन' तेरेपाई म्हणाला.

तेरेपाईची होडी भरतीलाच सुटणार होती, म्हणून आत्या पाळकांबरोबर आधीच किनाऱ्यावर गेली होती. परतताना तेरेपाईने किनाऱ्याकडे पाहिलं, तर तोडलेल्या माडाच्या बुंध्यावर पांढरी टोपी घालून ती उभी! त्याचे डोळे भरून आले. पण मनोरा काही रेषेत येईना.

"आत्या," तो पाण्यावरून ओरडला, "जरा डावीकडे वाका ना!"