छोट्या घराची निळी पाटी

मार्चमधल्या एका सकाळी कॉड मासा साफ करता करता मी ठरवलं, की आपल्या घराला निळी पाटी लागलीच पाहिजे. एवढंच ठरवलं. कुणाचा खून करायचं नव्हतं ठरवलं. (तो विचार नंतर आला.)

निळी पाटी म्हणजे आमची नगरपालिका जपण्यासारख्या जुन्या घरांना लावते ती. आमच्या समुद्राकाठच्या स्कारवीक गावात ज्याच्या दाराशी ती पाटी, त्याची मान दोन बोटं वर. शेजारच्या आस्लाउगच्या दाराशी ती आहे आणि रोज सकाळी फडकं घेऊन ती पाटी पुसते. पाऊस पडत असला तरी पुसते!

आस्लाउगचं घर जहाजाच्या कप्तानाचं. आमच्या पलीकडचंही कप्तानाचंच. मधे, बाकावर दोन जाड माणसांमध्ये अंग चोरून बसलेल्या पोरीसारखं आमचं. माझ्या नवऱ्याच्या, टॉर्लाइफच्या आज्यानं बांधलेलं. तो साधा मासे धरणारा. आस्लाउग कधी सरळ "तुमचं घर" म्हणणार नाही. "बोर्गिल्ड, तुमच्या त्या छोट्याशा घरात मावता तरी कसे गं सगळे?" असं मान तिरकी करून विचारणार. तीस वर्षं मी हे ऐकतेय. मी सातवीनंतर शाळा सोडून माशांच्या कारखान्यात सुरी धरलेली बाई. मला मान तिरकी करून बोलता येत नाही. पण पाटी आणता येते!

"टॉर्लाइफ," मी म्हटलं, "आपण पाटीसाठी अर्ज करतोय."

टॉर्लाइफनं कॉफीतून डोकं वर काढलं. "खिडक्या," तो म्हणाला.

माझा नवरा दिवसाला पंधरा शब्द बोलतो, पण नेमका दुखऱ्या जागी बोलतो. खिडक्या प्लॅस्टिकच्या. मीच बसवून घेतल्या होत्या, पुसायला सोप्या म्हणून. आणि जुन्या घरांचा नियम असा, की खिडकी लाकडी पाहिजे, काच जुनी पाहिजे, रंग जवसाच्या तेलातला पाहिजे. गल्लीकडची बाजू पांढरी पाहिजे, कारण ती लोक बघतात. मागची लाल चालते, कारण लाल स्वस्त आणि मागे बघायला येतंय कोण? (कप्तानसुद्धा मागून लालच होते, हे आस्लाउग सांगत नाही.)

"खिडक्यांचं मी बघते," मी म्हटलं. "तू मागचा संडास पाड."

आमच्या परसात, मागच्या कुंपणाला टेकून, लाल फळ्यांचा जुना संडास उभा होता. आत बसायच्या फळीला तीन भोकं. दोन मोठ्यांसाठी, एक पोरांसाठी. दाराला हवा यायला पत्त्यातल्या बदामासारखं भोक. सासूबाई त्याला काहीतरी नाजूक नावानं बोलवायच्या. मला असली नाजूक नावं लक्षात राहत नाहीत, मी संडासाला संडासच म्हणते. घरात चांगला साखळी ओढायचा आल्यापासून तिथे फक्त टॉर्लाइफ जायचा, पाइप ओढायला. माझा आवाज तिथे पोचत नाही म्हणायचा. (पोचतो.)

"उद्या पाडतो," टॉर्लाइफ म्हणाला. आमचं लग्न झाल्यापासून तो उद्याच पाडतोय.

एप्रिलमध्ये नगरपालिकेचे ट्वाइट साहेब तपासणीला आले. पोरगेला माणूस, दाढी मात्र पाद्र्याला शोभेलशी. मी प्लॅस्टिकच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्या चिकटवून वर पांढरा रंग मारला होता. लांबून बघितलं तर राजालाही कळलं नसतं. साहेबांनी जवळ जाऊन बोटानं वाजवलं. टक टक. लाकूड असं वाजत नाही.

"हं," साहेब म्हणाले.

"थंडीनं वाजतंय," मी म्हटलं.

"हं. मागे काय आहे?"

"मागे काही नाही! वॅफल खा. गरम आहेत, चीज घाला वर." असं म्हणून मी मागच्या दारात आडवी उभी राहिले. मी आडवी उभी राहिले की दार दिसत नाही. पण कॉफी उतू गेली, मी चुलीकडे धावले, आणि वळून बघते तर साहेब नाहीत, टॉर्लाइफही नाही! बऱ्याच वेळानं दोघं आले. साहेबांच्या दाढीत कोळिष्टकं आणि चेहरा असा, की जणू चर्चमधून येतायत. तळघर बघितलं असणार, मी समजले. खिडकीची एक पट्टी निसटून खाली लोंबत होती. मी मनातल्या मनात पाटीला रामराम केला.

आणि आठवड्यानं भिंतीवरचा फोन खणखणला.

"मी ट्वाइट. तुमच्या छोट्या घराबद्दल बोलायचं होतं."

(आस्लाउग याच्याही कानाशी लागली वाटतं!) "छोटं तर छोटं. पुढे बोला."

"पाटी मंजूर झाली!"

मी अशी ओरडले, की टॉर्लाइफनं कॉफी मांडीवर सांडली.

"इतकं अस्सल छोटं घर मी साऱ्या जिल्ह्यात पाहिलं नाही," साहेब सांगत होते. "एक फळी बदललेली नाही! आणि ते हृदय! खरं सांगू? त्या हृदयावरच मी भाळलो."

"साहेब, घराला हृदय नसेल तर उरलं काय?"

"तेच तर! लोक हल्ली बुजवून टाकतात हो."

"मेले!" मी म्हटलं.

"एक विचारू? भाषणासाठी हवंय. एका वेळी किती माणसं बसायची? माझ्या अंदाजानं तीन."

"तीन?" मला अपमानच वाटला. "नाताळात आम्ही एकोणीस बसतो!"

पलीकडे कागदांची सळसळ. मग हळूच, "म्हणजे... पाळीपाळीनं?"

"पाळीपाळीनं कशाला? एकदम! मांडीला मांडी लावून. पोरं कुणाच्या तरी मांडीवर. टॉर्लाइफ गाणी म्हणतो."

"आणि अडचण होत नाही?"

"आमच्यात लाजायची पद्धत नाही. एकदा बसले की चार-चार तास कुणी उठत नाही. वासावरच माणसं येतात, पार धक्क्यापासून!" (माझ्या माशाच्या वड्यांचा वास. आणखी कशाचा असणार?)

"हे मी सगळं लिहून घेतो," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "मात्र आता छोट्या घराला हात लावायचा नाही. एक खिळासुद्धा परवानगीशिवाय नाही."

मी थेट आस्लाउगच्या दारात. ती पाटी पुसतच होती.

"आली!" मी म्हटलं. "पाटी आली! साऱ्या जिल्ह्यात इतकं अस्सल घर नाही म्हणतायत साहेब!"

आस्लाउगच्या हातातलं फडकं थांबलं. "तुझ्या घराला? आणि त्या प्लॅस्टिकच्या खिडक्या गं?"

"ते खिडक्या बघत नाहीत. हृदय बघतात!"

एवढं बोलून मी वळले. अख्खी गल्ली मला बघत होती. तीस वर्षांत मी इतकी सरळ चालले नव्हते.

मग काय, मे महिन्यातल्या शनिवारी समारंभ ठरला. नगराध्यक्षबाई गळ्यात पदाची साखळी घालून येणार, शाळेचा बँड येणार, पेपरवाला येणार. मी अर्ध्या गावाला बोलावलं. बदामाच्या कड्यांचा केक केला, कड्यावर कडं, माझ्या खांद्याएवढा मनोरा! पुढच्या दाराशी पाटीची जागा घासूनपुसून ठेवली. आणि टॉर्लाइफच्या मागे लागले.

"आज तरी तो संडास पाड. एवढी माणसं येणार."

"साहेब म्हणाले, छोट्या घराला हात लावायचा नाही."

"घराला लाव म्हणतंय कोण? संडासाला लाव म्हणतेय!"

टॉर्लाइफनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. मग पाइप घेतला आणि निघून गेला. कुठे ते सांगायला नको.

समारंभाच्या दिवशी मी सणाचा पोशाख घातला. काळा लोकरी घागरा, छातीवर चांदीचे बिल्ले, हलले की घुंगरासारखे वाजणारे. गल्ली माणसांनी भरली. बँडनं सूर लावला. आणि ऐन वेळी माझ्या पोटानंही लावला! आनंद झाला की माझं पोट बिघडतं, लग्नातही हेच झालं होतं. मी घरात धावले. न्हाणीघराला आतून कडी.

"कोण आहे आत?"

"मी आस्लाउग," आतून गोड आवाज आला. "जरा वेळ लागेल गं. मी खिडकी बघतेय."

खिडकी बघतेय! एरवी मी दार मोडलं असतं. पण तेवढा वेळ नव्हता. घागरा दोन्ही हातांनी धरून मी मागच्या दारातून धूम ठोकली. संडासाच्या भिंतीवर झेंडा टांगला होता. निदान झाकलंन तरी, नवरा शहाणा निघाला, असं म्हणत आत शिरले, आकडा लावला आणि एवढ्या घागऱ्यासकट कशीबशी बसले. मोठ्या भोकावर. जीव भांड्यात पडला.

आणि बँड जवळ यायला लागला.

आधी वाटलं, भास. मग पायांचा आवाज. मग खोकणं, पोरांची रडारड, खुर्च्या सरकणं. सगळं परसात! रस्ता चुकले मेले, पाटी पुढे लागायचीय आणि हे मागे कुठे निघाले? मी श्वास रोखला. बिल्ले वाजू नयेत म्हणून दोन्ही हातांनी छाती धरून बसले.

"मंडळी," ट्वाइट साहेबांचा आवाज आला, अगदी दारापाशी. "कप्तानांची घरं आपण सगळेच जपतो. पण जिथे कप्तान आणि खलाशी सारखेच, ती वास्तू कोण जपतं? आपले आजी-आजोबा तिला लाजून 'छोटं घर' म्हणायचे..."

छोटं घर!

सासूबाईंचं ते नाजूक नाव! तेच! आत्ता आठवलं! फळीवर बसल्या जागी मला फोनवरचं सगळं आठवलं. ते हृदय. ते तीन जण. ते एकोणीस! देवा, ते एकोणीस!

"...आणि मालकीणबाई स्वतः सांगतात, की नाताळात या छोट्या घरात एकोणीस माणसं एकदम बसायची! मांडीला मांडी लावून, गाणी म्हणत, चार-चार तास! वासावर धक्क्यावरची माणसं यायची!"

बाहेर खुर्च्या करकरल्या. मग कोणीतरी म्हणालं, "बोर्गिल्डच्या घरचे आहेत, काही सांगता येत नाही."

झेंडा ओढल्याचा आवाज. टाळ्या.

"आता हे हृदय जवळून बघा. आधी कोण येणार?"

"मी," आस्लाउग म्हणाली. (न्हाणीघरातून बरी वेळेत निघाली!)

बदामाच्या भोकात अंधार झाला. मग एक निळा डोळा आला. मी वर बघितलं. माझा डोळा आणि आस्लाउगचा डोळा, मधे हातभर अंतर. तीस वर्षांच्या शेजारात इतक्या जवळून आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं.

"इश्श!" आस्लाउग किंचाळली. "आत आहे कोणीतरी!"

"काय?" साहेबांचा आवाज आनंदानं चिरकला. "म्हणजे अजून वापरात आहे! मंडळी, अजून वापरात आहे!"

आणि या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा दुप्पट. बँडवाल्यांना वाटलं हीच खूण, त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. अख्खं गाव टोप्या काढून उभं राहिलं. राष्ट्रगीताला बसून कसं राहणार? मीही आत उभी राहिले. घागरा खाली सोडला, बिल्ले सरळ केले, आकडा काढला आणि बाहेर आले. पेपरवाल्याचा दिवा चमकला.

"बघताय काय?" मी म्हटलं. "केक घरात आहे. खाऊन घ्या."

आणि सगळ्यांनी खाल्ला. कड्यावर कडं, सगळा संपला. वर नगराध्यक्षबाईंनी माझे दोन्ही हात धरून विचारलं, "एकोणीस? खरंच?" मी काय सांगणार! मी म्हटलं, "कधी कधी वीस."

संध्याकाळी मी टॉर्लाइफला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस," टॉर्लाइफ म्हणाला आणि पाइप घेऊन मागे गेला. आता तो संडास कुणाच्या बापाला पाडता येणार नाही. नियमच आहे. आतला आकडा ढिला झालाय, तो बदलायलाही नगरपालिकेला विचारावं लागतं. रंग जवसाच्या तेलातला लाल, आणि तो मी स्वतः द्यायचा.

सोमवारच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. संडासाच्या दारात मी, सणाच्या पोशाखात, शेजारी पाटी. खाली ओळ: 'सगळं जुनंच आहे, जागच्या जागी आहे आणि अजून उत्तम चालतं.'

आता बाहेरगावची माणसं येतात. माझ्या पांढऱ्याशुभ्र पुढच्या बाजूकडे ढुंकून न बघता सरळ मागे जातात आणि भोकाला डोळा लावतात. कुंपणावरून आस्लाउग रोज मान तिरकी करून हाक मारते, "बोर्गिल्ड, पुसलीस का गं?"

पुसते ना. पाटीला मालकीणच जबाबदार, असा नियम आहे. रोज सकाळी फडकं घेऊन मागे जाते आणि पुसते. पाऊस पडत असला तरी पुसते.

(पाटी. नीट वाचा.)